नळी हजर

"अहो बाई, थांबा! थांबा! माझा नळ घेऊन कुठे निघालात?"

ही त्याची मला पहिली हाक. मी आरशात पाहिलं. आमच्या मोटरहोममागे पाण्याची पिवळी नळी फरफटत होती, नळीच्या टोकाला उपटलेला नळ होता, आणि त्यामागे नखशिखान्त भिजलेला एक उंच माणूस धावत होता!

चूक आमचीच. आम्ही तिघी मैत्रिणी, भाड्यानं घेतलेलं चाकांवरचं घर आणि उत्तरेकडची तळी. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून निघण्याआधीची हजेरी माझ्याकडे. गॅस? खिडक्या? पायरी? नळी? जिचं काम, तिनं ते उरकून 'हजर!' म्हणायचं. नळी काढायचं काम डॉक्टरणीचं. ती दातांची डॉक्टर, त्यामुळे तिचं ब्रश करणंच अर्धा तास चालतं. ती आत ब्रश करत होती, आणि काकूनं कॉलेजातल्या सवयीनं तिची हजेरी ठोकून दिली. काकू म्हणजे आमची मैत्रीणच, वय एकतीस, उपदेश मात्र साठीचे.

"करता काय तुम्ही?" केसांतलं पाणी निपटत त्यानं विचारलं.

"गणित शिकवते."

"तरीच... वजाबाकी झकास केलीत."

मला रागही आला आणि हसूही. गाडीची पाणी भरायची तोटीही तुटली होती. नवी यायला तीन दिवस लागणार होते.

तळ्याकाठची ती मुक्कामाची जागा त्याची आणि त्याच्या बाबांची. दिवसभर भुरभुर पाऊस, आणि पार उत्तरेकडचा उन्हाळा, म्हणून रात्रीचे दहा वाजले तरी उजेड हटायला तयार नाही. तो नळाचा खांब बसवायचा, मी पाने हातात द्यायची. अहो-जाहो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकलं.

"हा नाही गं, मोठा पाना."

"मग नीट सांगावं माणसानं."

"नीट सांगितलं तर तू लवकर देशील आणि जाशील."

काकू दारातून खाकरली. "घ्या! एकीनं नळ तोडला आणि दुसऱ्याचं डोकं फिरलं."

त्याचे बाबा रोज सकाळी मला अदबीनं विचारायचे, "आजच आलात का?" मी म्हणायची, "हो, आजच." दुसऱ्यांदा त्यानं ते ऐकलं.

"बाकीचे लोक त्यांची चूक दाखवत बसतात," तो म्हणाला.

"कशाला? मला रोज नव्या पाहुणीचा मान मिळतोय."

तो हसला, आणि हसता हसता एकदम तोंड फिरवून उभा राहिला. तिथेच मी संपले. पण त्याच दुपारी हेही पाहिलं – तो तोटी आणायला तासभर गावात गेला, तर बाबा चपला न घालताच पाण्याच्या दिशेनं चालू लागले. त्यांना एकच आवाज कळायचा, त्याचा.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं भांडी घासत होतो. त्यानं 'थांब' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नोकरी सोडली असती मी.

"मी थांबले तर?"

कोरडी झालेली बशी तो पुन्हा पुसत राहिला. "ताई थांबली होती... चार वर्षं. बाबांच्या मागे पळून पळून इतकी पिचली की माझं तोंड बघेना. आता फोनही उचलत नाही."

"मी ताई नाही."

"नाहीस ना. म्हणून तर—"

"म्हणून तर काय? वाक्य पूर्ण कर."

"आवडतेस मला. खूप." त्यानं बशी खाली ठेवली. "म्हणून थांब म्हणणार नाही."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मी हजेरी घेतली. गॅस? हजर. खिडक्या? हजर. पायरी? हजर. त्या प्रकारानंतर नळीचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं.

"नळी?" मीच विचारलं, आणि मीच म्हणाले, "हजर!"

धडधडीत खोटं. पहाटे तोंड धुताना नळी नळाला लागलेली मी पाहिली होती, आणि तशीच ठेवली होती. आता धक्का बसेल, नळ उपटेल, तो बोंबलत धावत येईल, आणि आणखी तीन दिवस मिळतील. पोरकटपणा? असेल! दुसरं काही मला सुचलं नाही.

मी गाडी सोडली. एक हात पुढे गेली. दोन हात. दहा हात. धक्का बसलाच नाही.

आरशात तो दिसला. एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिवळ्या नळीचं वेटोळं. मी गाडी सोडण्याआधीच येऊन त्यानं ती काढून ठेवली होती. बाबा आनंदानं हात हलवत होते.

"अगं, आपली नळी!" डॉक्टरीण ओरडली. "त्याच्याकडेच राहिली, थांबव ना!"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. एरवी म्हणींचं पोतं उघडणारी ती, आज नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

"राहू दे," मी म्हणाले. समोरचा रस्ता धूसर झाला होता, आणि त्यात पावसाचा काही दोष नव्हता.

एका नळासाठी सगळं तळं डोक्यावर घेणारा माणूस तो. वळण येईपर्यंत मी खिडकीची काच खाली ठेवली होती. पण त्यानं हाक मारली नाही.