घाणेरीतली वाट

खमरियात आमच्या घरामागे घाणेरीचं रान आहे. कधीकाळी साहेबलोकांनी बंगल्यांच्या शोभेसाठी लावलेलं हे झुडूप पुढे कुणालाच आवरेना, असं मी कॉलेजात दरवर्षी शिकवते. पिवळी-गुलाबी फुलं, काटेरी दांडे, पान चुरगळलं की उग्र वास.

इथल्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर बाबांना स्वस्थ बसवेना. गेल्या नोव्हेंबरात ते रोज सकाळी कोयता घेऊन त्या रानातून वाट पाडू लागले. पलीकडे जुनी भिंत आहे, तिथपर्यंत.

चौथ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "यशोधरा, तिकडूनही कोणी तोडून राहिलं."

"तिकडून कोण तोडेल बाबा? भिंत आहे ना."

"मी थांबलो की तोही थांबते."

रविवारी मी टेप घेऊन गेले. बाजूच्या गल्लीतून मोजलं तर भिंत अठरा मीटरवर. बाबांची वाट बावीस मीटर भरली. दोनदा मोजली. समोर अजून दाट घाणेरीच होती.

आणि तिच्यामागे कोयत्याचे घाव पडत होते. चार घाव, मग दम घेतल्यासारखी थोडी उसंत. बाबाही तसेच तोडतात.

मी त्यांचा हात धरला. "चला घरी."

"थोडंच राहिलं बेटा," ते म्हणाले. "त्यालाही वाटत असन ना, कोणी भेटावं."

सोमवारी मी कोयता कपाटात कुलूप लावून ठेवला आणि कॉलेजला गेले. तीन वाजता परतले तर आई मागच्या दारात उभी होती.

"सकाळपासून आत आहेत. हातानंच तोडत गेले. हाक मारून राहिली, ओ देत नाहीत."

मी धावले. काट्यांवर रक्त होतं, अगदी शेवटपर्यंत. शेवटी भिंत होती. अठरा मीटरवर, धड, शेवाळलेली. बाबा नव्हते.

परत आले तेव्हा ते मागच्या ओट्यावर खुर्चीत पेपर वाचत होते.

"कुठे होतात?"

"इथंच तर आहो."

त्यांच्या हातांवर एक ओरखडा नव्हता.

आठवड्याभरात वाट बुजली. बाबा रानाचं नावही काढत नाहीत. नीट जेवतात, झोपतात. मी स्वतःला समजावलं, मोजण्यात चूक झाली असेल.

काल चार वाजता आईनं त्यांना ओट्यावर चहा दिला. मग दुसरा कप भरून ती घाणेरीपाशी गेली आणि खाली वाकून तो फांद्यांच्या आत सरकवला. मी मागे गेले.

"आई, हा कोणाला?"

"तुझ्या बाबांना."

"अगं, बाबा तर तिथं..."

तिनं माझं मनगट घट्ट दाबलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "तो ऐकून राहिला."

चाळीस वर्षांत बाबांचा तिनं कधी एकेरी उल्लेख केला नव्हता.

ओट्यावर पेपरचं पान अर्धवट उलटून थांबलं होतं.