केरबामामाच्या मेंढरांचं पाणी

"कागद नाही म्हणून करार नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

हे मी मनातल्या मनात म्हणतेय अशी माझी समजूत होती. पण शेजारी बसलेला माणूस वळून म्हणाला, "मला विचारलंत का?"

त्र्याण्णव सालचा चैत्र संपत आला होता. गंगापूरहून औरंगाबादला येणारी जीप, मधल्या सीटवर आम्ही पाचजण दाटीवाटीनं बसलेलो, आणि खिडकीतून तव्यावरून आल्यासारखा वारा. माझ्या मांडीवर दाव्याची फाईल होती. वकिली सुरू करून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि उद्या अर्ज दाखल करायचा होता.

"तुम्हाला नाही," मी म्हणाले. "न्यायाधीशांना."

"ते या जीपमध्ये दिसत नाहीत..."

त्याच्या आवाजात दाबलेलं हसू होतं. एरवी मी तोंड फिरवलं असतं. अशिलाची गोष्ट जीपमध्ये सांगू नये, एवढी अक्कल मलाही होती. पण चार दिवस पोटात राग साठलेला होता, आणि हा अनोळखी माणूस ऐकायला तयार होता.

"मग तुम्हीच सांगा. आमच्यातल्याच एका धनगरानं पौष-माघात बागायतदाराच्या रानात चाळीस दिवस मेंढरं बसवली. रानाला खत मिळालं. बदल्यात काय ठरलं? पाडव्यापासून मृगापर्यंत त्या विहिरीवर मेंढरांना पाणी. खत रानात मुरलं, ऊस तरारून आला, आणि आता बागायतदार म्हणतो - कागद दाखव. हा करार नाही?"

"करार आहे," तो सावकाश म्हणाला. "पण सिद्ध कसा करणार? साक्षीदार कोण?"

"तिथंच घोडं अडलंय. बोलणं विहिरीवर झालं. आमचा केरबामामा आणि ते काकासाहेब. दोघंच होते म्हणे."

तो बाहेर बघायला लागला. जीप खड्ड्यात आदळली, माझं कोपर त्याच्या दंडावर आपटलं. ना मी माफी मागितली, ना त्यानं हात काढला.

"तिघं होते," तो म्हणाला. "मी पण होतो तिथं, मोटरीच्या खोलीत. केरबाला दिसलो नसेन... मी काकासाहेबांचा पुतण्या. रामकिसन."

उन्हानं तापलेलं माझं तोंड आणखी तापलं. "आणि तुम्ही महिनाभर गप्प आहात?"

"सात वर्षांचा होतो तेव्हा वडील गेले. काकांनी वाढवलं, शिकवलं. आज औरंगाबादच्या छावणी भागातल्या शाळेत गणित शिकवतो ते त्यांच्यामुळं. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मला नका विचारू. केरबामामाची सहा कोकरं पाण्यावाचून मेली, त्यांना विचारा."

नगर नाक्याला तो उतरला. उतरताना माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होता... बोलला नाही. त्याचा मला आणखीच राग आला.

तीन दिवसांनी तो अदालत रोडवर, कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलासमोर उभा.

"माझ्या नावानं समन्स काढा," तो म्हणाला. "म्हणजे काकांना सांगता येईल, की मला यावंच लागलं."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे खरं बोलायलाही तुम्हाला सरकारी कागद पाहिजे? तुमचे काका कागद नाही म्हणून शब्द मोडतात, आणि तुम्ही कागद असल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकाच घरातले शोभता."

त्याचा चेहरा पडला. तो वळून निघून गेला.

केरबामामाची बायको बानाबाई तिथंच खांबाला टेकून बसली होती. "कशाला तोडून बोललीस गं?" ती म्हणाली. "माणूस आपल्या पायानं आला व्हता. तुला तुझा राग मोठा, मला माझी मेंढरं. मेंढराला कोर्टाची तारीख कळत नाय, बाई."

तिचं खरं होतं. मी अशिलाचं नुकसान करून स्वतःचा राग शमवला होता. मुकाट्यानं समन्सचा अर्ज लिहायला घेतला आणि पहिल्यांदाच वकील म्हणून मला माझी लाज वाटली.

अर्ज द्यायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी रामकिसन पुन्हा आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"काकांना सांगून आलोय. आधी त्यांना, मग तुम्हाला. ते म्हणाले, आता या घरात येऊ नको."

"जेवलात का?" मी विचारलं.

"नाही."

त्या दुपारी गुलमंडीतल्या एका हॉटेलात बसून आम्ही त्याचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. केरबामामा शेजारी बशीत चहा ओतून पीत होता.

"शब्द कसे होते, अगदी तसेच सांगा."

"काका म्हणाले - केरबा, तुझी मेंढरं माझ्या रानात बसली की माझी विहीर तुझी. अक्षर तुमचं फार छान आहे हो..."

"हे पण लिहू का?"

"लिहा की. मी शपथेवर सांगेन."

मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना. केरबामामा आमच्याकडं बघत होता आणि मिशीतल्या मिशीत हसत बोलला, "लई ग्वाड चहा हाय हितला."

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. पहिल्या बाकावर काकासाहेब, पांढरा फेटा, काठीवर दोन्ही हात. रामकिसन मागं भिंतीला उभा. काकासाहेबांचे वकील मुरलेले होते. कराराबद्दल ते दोन मिनिटं बोलले, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "साहेब, या साक्षीदाराला आणि या वकीलबाईंना गुलमंडीत एका टेबलावर चहा पिताना लोकांनी पाहिलंय. दोघंही तरणे. साक्ष कुठून उगवली, ते मी कशाला सांगू?"

मागं लोक हसले. माझ्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं. मी उभी राहिले.

"चहा प्याले, साहेब. समोर प्रतिज्ञापत्राचा मसुदा होता आणि माझे अशील शेजारी बसले होते. माझ्या जागी पुरुष वकील असता, तर त्याचा चहा कोणी मोजला असता का? मुद्द्यावर बोलायला काही उरलं नाही, की बाईच्या चारित्र्याकडं वळायचं, ही विरुद्ध बाजूची कबुलीच समजते मी. आता मुद्द्याचं. कराराला दोघांची राजीखुशी लागते आणि मोबदला लागतो. कागद प्रत्येक ठिकाणी लागत नाही, इथं तर नाहीच. आणि मोबदला? तो त्या रानात मुरलाय. उसाच्या पानापानात गेलाय. काकासाहेबांना तो परत काढून देता येईल का? केरबानं आपली बाजू पुरी केली. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याचा शब्द कच्चा. यांना लिहिता येतं, म्हणून यांचा नकार पक्का? असं झालं तर या जिल्ह्यात उद्यापासून कोणी कोणाच्या रानात मेंढरं बसवणार नाही, साहेब. तिथं शेकडो वर्षं शब्दावरच चाललंय."

न्यायाधीशांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते काकासाहेबांकडं बघत होते.

"तुमचा पुतण्या खोटं बोलतो, असं तुमचं म्हणणं आहे?"

वकील घाईनं उठले. काकासाहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं. म्हातारा मागं वळून भिंतीकडं, रामकिसनकडं बघत राहिला.

"पोरगं खोटं बोलत नाय," ते म्हणाले. "म्याच वाढवलंय त्याला. पर पाण्यावाचून ऊस जळतोय माझा, साहेब."

ऊस खरंच जळत होता, हे मला माहीत होतं. तरीही माझा राग कमी झाला नाही. मृगापर्यंत सकाळ-संध्याकाळ मेंढरांना पाणी द्यावं, असा हुकूम झाला.

बाहेर रामकिसन माझी वाट बघत होता. "आता एक चहा... केरबामामाशिवाय?"

"नाही," मी म्हणाले. "मेलेल्या कोकरांच्या भरपाईचा दावा अजून उभा आहे. तुम्ही माझे साक्षीदार आहात. निकाल लागेपर्यंत मी तुमच्याशी कोर्टाबाहेर एक शब्द बोलणार नाही. त्या वकिलाला खरं ठरवायची माझी इच्छा नाही."

"किती दिवस लागतील?"

"मला काय माहीत?"

दीड वर्ष लागलं. तो प्रत्येक तारखेला यायचा, साक्ष नसली तरी यायचा. मागच्या बाकावर बसायचा, नमस्कार करायचा आणि जायचा. मीही फक्त नमस्कार करायची. पण तारखेच्या आदल्या दिवशी पांढऱ्या साडीला इस्त्री करताना मला फार वेळ लागायचा. त्याच्यावरचा राग आता कुठंच सापडत नव्हता आणि त्याचाच राग येत होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला, नेमका सहामाही परीक्षा तोंडावर आल्यानं रामकिसन येऊ शकला नाही त्याच दिवशी. मी फाईल बांधत असताना काकासाहेब काठी टेकत जवळ आले.

"वकीलबाई, केरबाचं मी देऊन टाकीन. पोराला एवढं सांगा, घर उघडं हाय म्हणावं."

मी रिक्षा केली आणि छावणीत शाळेवर गेले. तो सातवीच्या वर्गात होता. वरून मला शाळेच्या फाटकात बघून खाली आला तो पायरी चुकतच.

"निकाल लागला," मी म्हणाले. "आणि तुमच्या काकांनी घरी बोलावलंय."

त्याचे डोळे भरून आले. बाहीनं ते पुसून म्हणाला, "आणखी काही निरोप?"

"आहे... माझा." दीड वर्ष जुळवलेली वाक्यं ऐन वेळी पळून गेली. "आईला मी सांगितलंय तुमच्याबद्दल. ती म्हणाली, ते बागायतदार, आपण मेंढरामागं हिंडणारे, झेपंल का तुला? मी म्हणाले, झेपवीन. आता तुमचं काय ते सांगा."

तो नुसता बघत राहिला.

"बोला ना काहीतरी," मी चिडून म्हणाले.

"मला पहिल्यापासून बोलायला उशीर लागतो, कस्तुरा," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझं नाव घेतलं होतं. "हो. जीपमधून उतरलो तेव्हापासून हो. तुमच्या आईला भेटायला आजच येतो. फक्त हा तास संपू द्या. दहा मिनिटं राहिलीत."

मी वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले. त्या दहा मिनिटांत तो फळ्यावर एकच बेरीज तीन वेळा चुकला. पोरं हसायला लागली आणि त्यांच्याबरोबर मीही हसले.