पंधरा मिनिटांचं पाणी

"थांबा! एक पाऊलही पुढे नको."

आवाज मोठा नव्हता, पण असा ठाम की नव्या सरांचा उचललेला पाय अधांतरीच राहिला. एका हातात वाफाळता चहा, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा, आणि बुटाच्या टोकासमोर फरशीवर ओढलेली पिवळी रेघ. रेघेपलीकडे शाळेची प्रयोगशाळा, आणि तिच्यात पांढरा कोट घातलेली, केस घट्ट बांधलेली, डोळ्यांवर भलामोठा संरक्षक चष्मा चढवलेली एक मुलगी.

"मी... विज्ञानाचा नवा शिक्षक," ते म्हणाले.

"मी इथली सहायिका. तुम्ही या ना, सर. चहा येणार नाही."

"का? चहाने काय घोडं मारलंय?"

"त्याने नाही मारलं. पण या टेबलावर काल काय सांडलं होतं, ते तुमच्या कपाला माहीत नाही."

सर हसले. रेघेच्या अलीकडे उभं राहून त्यांनी चहा संपवला... अगदी सावकाश, तिच्याकडे बघत बघत. ती मान खाली घालून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच एक चिठ्ठी उलटी चिकटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते दोन कप घेऊन आले. "चहाने आत यायचं नाही, हे कळलं. पण तुम्ही बाहेर यायचं नाही, असा नियम कुठे लिहिलाय?"

तो कुठेच लिहिला नव्हता. तिने हात धुतले, कोट खुंटीला टांगला, चष्मा उतरवला आणि रेघ ओलांडली. चष्म्याच्या कडांचे दोन वळ तिच्या गालांवर उमटले होते. सरांची नजर तिथेच घुटमळली.

"मुलं तुम्हाला काय म्हणतात, माहीत आहे?"

"गॉगलताई. तोंडावर म्हणतात. मला आवडतं."

मग रोजचंच झालं. दोन कप, एक रेघ.

दाराजवळच्या कोपऱ्यात डोळे धुण्याचा नळ होता. वर वळलेली दोन तोंडं आणि एक दांडी. शाळा भरण्याआधी ती तो रोज तीन मिनिटं सोडून ठेवी, घड्याळ लावून.

"हा नळ कधी कुणाला लागला नाही म्हणतात," एकदा सरांनी छेडलं. "मग रोजची ही पूजा कशाला?"

ती कपाकडे बघत म्हणाली, "माझी आत्या अशाच एका शाळेत बाटल्या धुवायची. एकदा डोळ्यात रसायन उडालं. नळ होता तिथे... पण वर्षभर कुणी उघडला नव्हता. आधी नुसती हवा आली, मग गंज. आत्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून माझा हा नेम आहे."

सरांच्या कपातल्या चहावर साय धरली.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावलं. "तो कोपऱ्यातला नळ गळतो. फरशी कायम ओली. शनिवारी प्लंबर येऊन काढून टाकेल, तिथे कपाट बसेल. सगळ्या शिक्षकांची संमती आहे," असं म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला.

चौथी सही सरांची होती.

तिने कागद बाईंकडे परत सरकवला. आवाज हलला नाही. "बाई, गळती दुरुस्त होते. नळ निघाला, तर एकाही मुलाला मी रसायनाला हात लावू देणार नाही. लेखी देते."

"एवढ्याशा नळापायी नोकरीवर पाणी सोडशील?"

"हो, बाई."

"मग शनिवारी किल्ली टेबलावर ठेवून जा."

सर दारात भेटले. तिने फक्त सहीबद्दल विचारलं.

"पहिल्याच दिवशी कागद पुढे आला... सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. वाचला नव्हता हो!"

"सही करताना डोळे उघडे ठेवावेत, सर."

त्या दिवशी ती रेघेबाहेर आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. एक कप रोज गार होत राहिला.

शुक्रवारी सर मुलांच्या तासासाठी कॉस्टिक सोड्याचं द्रावण लहान बाटल्यांत भरत होते. ती पलीकडच्या टेबलावर, पाठमोरी. चष्म्यावर वाफ धरली म्हणून त्यांनी तो कपाळावर सरकवला. क्षणभरच... बाटली हातातून निसटली आणि द्रावण डोळ्यात उडालं.

"आई गं!"

हात डोळ्याकडे जायच्या आत तिने मनगट पकडलं. "चोळायचं नाही! चला!" खेचतच तिने त्यांना कोपऱ्यात नेलं आणि दांडी दाबली. गार, नितळ पाणी उसळलं.

"डोळा उघडा."

"उघडत नाहीये—"

"मी उघडते." तिने बोटांनी पापण्या धरल्या. "शिपाईकाका! रिक्षा आणा, दवाखान्यात जायचंय! सर, पंधरा मिनिटं. हलायचं नाही."

पाणी वाहत राहिलं. भिंतीवरचा काटा सरकत राहिला.

"आता बरं वाटतंय," सर पुटपुटले.

"मी विचारलं नाही. चारच झालीत."

"मी आज सकाळीच ती सही मागे घेतली... लेखी."

"बोलू नका, नाकात पाणी जाईल."

"तुमचा कोट भिजतोय."

"वाळेल."

जरा वेळाने ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचंय..."

"पंधरा झाल्यावर."

"तोवर हिंमत टिकणार नाही."

"मग ती हिंमतच नव्हे, सर. अजून सहा मिनिटं."

मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या आणि पिवळ्या रेघेशीच थबकल्या. पंधरावं मिनिट होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. सरांना घेऊन ती निघाली, तेव्हा हळूच म्हणाल्या, "प्लंबर उद्या येईल. गळती काढायला. नुसती गळती."

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "लगेच धुतला कुणी? डोळा त्यांनी वाचवलाय."

तेव्हा कुठे तिचे डोळे भरून आले.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली, तर नळ आधीच सुरू होता. एका डोळ्यावर पट्टी, हातात घड्याळ... सर. दोन कप रेघेबाहेर खिडकीच्या कट्ट्यावर झाकून ठेवलेले.

"डॉक्टरांनी सुट्टी दिली होती ना?"

"नेम मोडला असता." ते वळले. "आणि हिंमत टिकलीय, हे सांगायचं होतं."

ती दांडीजवळ येऊन उभी राहिली. "मग सांगा."

"रोजची ही तीन मिनिटं... जन्मभर तुमच्याबरोबर हवीत."

"आणि चष्म्यावर वाफ धरली तर?"

"रेघेबाहेर येईन. पुसेन. पुन्हा घालूनच आत जाईन."

तिच्या गालांवर आज वळ नव्हते, तरी गाल लाल झाले. "उद्या घरी या. आत्या एकाच डोळ्याने बघते, पण माणूस आरपार वाचते, बरं का!"

"सध्या मीही एकाच डोळ्याने बघतोय. जमेल आमचं."

ती खळखळून हसली. सर नळ बंद करायला गेले, तर तिने त्यांच्या हातावर हात ठेवला... आणि तिथेच राहू दिला.

"घाई नको, सर. अजून वीस सेकंद आहेत."