निळ्या पात्यांचा पंखा

विहारामागचा नळ गळत होता. म्हाताऱ्या भिक्षूंनी निरोप धाडला, तसा मार्टेन सकाळचा भात आटोपून पान्यांची पिशवी घेऊन निघाला. मोटरसायकलला बाजूने लाकडी खोका जोडलेला होता, त्यात पिशवी टाकली की त्याचे दुकान तयार. नळ दहा मिनिटांत बंद झाला. तिथूनच मागे फिरायचे होते. पण पिशवी भरता भरता त्याची नजर कुंपणापलीकडे गेली, स्मशानातल्या चिंचेखालच्या ढिगाकडे.

त्या गावात माणूस गेले की तिसऱ्या दिवशी, अस्थी वेचून झाल्यावर, त्याच्या रोजच्या वापरातली एक वस्तू मोडतात आणि त्या चिंचेखाली नेऊन ठेवतात. कुणाची फणी, कुणाचे मडके, कुणाची कोयती. पावसात सगळे कुजते, आणि कुणी तिकडे फिरकत नाही. ढिगाच्या अगदी वर निळ्या पात्यांचा उभा पंखा मान मोडून पडला होता. तो बुआफानचा होता, मार्टेनच्या बायकोचा. तिला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.

तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग इकडेतिकडे पाहून त्याने कुंपण ओलांडले, पंखा उचलून खोक्यात ठेवला आणि वर गोणपाट टाकले. गोणपाट टाकले, म्हणजे मनात चोर होताच.

मार्टेन मूळचा हॉलंडचा. जहाजांवर विजेची कामे करण्यात हयात गेली, आणि साठीला टेकल्यावर बुआफानचा हात धरून तो थायलंडच्या ईशान्येला या भातखाचरांच्या गावात येऊन राहिला. तालुक्याला त्याच्यासारखे आणखी चार गोरे होते. ते दुपारपासून बिअर पीत आपापल्या देशातल्या थंडीला शिव्या देत बसायचे. याचा जीव तिथे रमला नाही. याने खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली, जिथे इतर लोक म्हशी बांधतात, तिथे टेबल मांडले आणि गावाचे रेडिओ, भाताचे कुकर, शिवणयंत्रे दुरुस्त करायला घेतली. “मोडलेली वस्तू टाकायची नसते,” हे वाक्य तो तिथल्या बोलीत इतक्या भयंकर उच्चारात म्हणायचा की बायका बाजारात त्याची नक्कल करून हसायच्या.

सगळ्यात जास्त बुआफानच हसायची. “तुम्हाला टाकायला जमतं का हो काही?” ती म्हणायची. “उद्या मी मेले तर मलासुद्धा तार बांधून उभी कराल.”

हसता हसता तीही काम शिकली. ती डावखुरी होती. तुटलेल्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळून पक्कडीने पिळायची, तर तिचा पीळ नेहमी उलटा पडायचा. मार्टेन चिडवायचा, की गावातल्या कुठल्याही घरात जाऊन मी सांगेन कुठलं काम तुझं. ती म्हणायची, “सांगा खुशाल. सुटला का पीळ, ते आधी बघा.” सुटलेला नसायचा.

मग तिचे यकृत गेले. त्या भागात कच्च्या मासळीची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात आणि पुष्कळांचे असेच जाते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. सात महिने ती कोपऱ्यातल्या चटईवर पडून होती आणि हा निळा पंखा तिच्या पायाशी रात्रंदिवस फिरत होता. शेवटच्या महिन्यात पोटातली आग सहन होईना. ओरडायचे नाही म्हणून ती पंच्याचे टोक दातांत धरायची आणि डाव्या हाताच्या नखांनी जमिनीची फळी खरवडायची. मार्टेन शेजारी बसून असायचा. जगातले कुठलेही यंत्र खोलणारा माणूस, पण इथे त्याच्या हातात ओले फडके आणि कापराचे मलम एवढेच होते.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीने, खामपुनने, दगडी बत्ता घालून पंख्याची मान मोडली, तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. मार्टेनच्या मनात आले, मान आणि आतले एक दातेरी चाक, एवढेच तर गेले आहे. त्याची त्यालाच लाज वाटली. पण जित्याची खोड ती.

पंखा घरी आणल्यावर दोन दिवस त्याने त्याच्यावर घालवले. मानेला तार गुंडाळली, डाख दिला. चाक एका भंगार पंख्यातून काढून बसवले, शिवणयंत्राचे तेल सोडले. बुआफानची चटई चितेवर गेली होती. तिच्या जागची फळी त्याने ती गेल्यावर रंधून, नखांचे ओरखडे घालवून, तेल लावून गुळगुळीत केली होती. ते ओरखडे त्याला बघवत नव्हते.

भर दुपारी, गाव सावल्यांत पडलेले असताना, त्याने पंखा लावला. पाती फिरली. पंख्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे वळला, कोपऱ्यापाशी आला आणि थांबला. पाती फिरत राहिली, मान हलेना. वारा रिकाम्या फळ्यांवर पडत होता.

मार्टेनने मागचे झाकण उघडले. चाक ठाकठीक होते. पंखा ओसरीत नेला, तर तिथे मान छान फिरली. परत आत आणला. डावीकडे, उजवीकडे, कोपरा. थांबला.

“बुआफान?” तो हळूच म्हणाला.

कापराच्या मलमाचा वास आला. मलमाची डबी तर खामपुनने तेव्हाच फेकून दिली होती. मार्टेन भिंतीला टेकून खाली बसला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला. भीती त्याला वाटली नाही. त्याला आनंद झाला, हे सांगितलेच पाहिजे.

मग तो रोज दुपारी पंखा लावून कोपऱ्याशी बसू लागला. दाराची खिट्टी घालायची आणि बोलत राहायचे. दर नव्वद दिवसांनी द्यावी लागते ती हजेरी द्यायला परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेलो होतो, तिथल्या बाईने तुझी चौकशी केली. हॉलंडहून माझी मुलगी फोनवर म्हणते परत या, पण परत म्हणजे कुठे? एवढे बोलून तो वाऱ्याकडे पाहायचा.

चौथ्या दिवशी बोलता बोलता त्याला दुसरा आवाज ऐकू आला. पंख्याच्या घरघरीखाली, जमिनीलगत. श्वास आत ओढल्याचा, मग अडकल्याचा. ओले कापड दातांत दाबले जावे तसा. आणि नंतर खर्रर्र... खर्रर्र...

तो वाकला. तेल पाजलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत फळीवर चार पांढरे ओरखडे होते. तो बघत असतानाच ते बोटभर लांब झाले.

नेमकी त्याच वेळी खामपुन चिकट भाताची टोपली घेऊन जिना चढली. दार बंद पाहून तिने हाक घातली.

“दाजी, ओ दाजी! भरदिवसा कडी घालून काय करताय? म्हातारपणी कुणाला आणून ठेवलंय की काय?”

मार्टेनने दार उघडले. ती हसतच आत आली, आणि पंख्याकडे नजर जाताच टोपली तिच्या हातातून सुटली. भात जमिनीवर सांडला. तिने झेप घेऊन वायर उपटली. पाती मंदावत थांबली, त्याबरोबर तो खरवडण्याचा आवाजही.

“हा... हा कुठून आणलात?”

“चिंचेखालून.”

“अन् जोडलात!” तिने उपटलेली वायर दूर भिरकावली. “आम्ही काय वेडे म्हणून मोडतो का, दाजी? बारा वर्षं आमच्यात राहिलात, आमचं मीठ खाल्लंत... विचारायचं तरी!”

“मला वाटलं, नुसती रीत आहे.”

“रीत! मेलेल्याला काय कळतंय आपण मेलो ते? घरातलं आपलं काहीतरी चालू दिसलं, की येतं माघारी. अन् येतं ते जसं गेलं तसंच येतं. तिची शेवटची दुपार आठवते ना?” खामपुनने कोपऱ्याकडे हात केला. “तुम्ही रोज बटण दाबता, अन् माझी बहीण रोज ती दुपार भोगते.”

मार्टेनने फळीवरच्या ओरखड्यांकडे पाहिले. “मला वाटलं, ती मला भेटायला येते.”

“तुम्हाला नाही. वाऱ्याला येते. पोटात आग आहे तिच्या.”

खाली कोंबड्या जमिनीच्या फटींतून पडलेला भात टिपत होत्या.

“आता काय करायचं?” त्याने विचारले.

“ज्यानं जोडलं त्यानंच मोडायचं. अन् ह्या खेपेला जाळायचं. मी बत्ता आणते.”

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, ते चिंचेखाली गेले. म्हाताऱ्या भिक्षूंनी दुरूनच पाली भाषेत काही म्हटले. मार्टेनने आयुष्यात हजार वस्तू जोडल्या होत्या, मोडली एकही नव्हती. पहिला घाव चुकला. दुसऱ्याला डाख सुटला. तिसऱ्याला मान निखळली आणि त्याच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. दातेरी चाक त्याने दगडावर ठेवून चूर केले. मग रॉकेल ओतून काडी लावली. निळी पाती आकसली, वितळून काळी झाली. लोखंडी दांडा आणि जाळी तेवढी उरली, ती तिथेच चिंचेखाली राहिली.

“जा आता,” तो म्हणाला. “जा, बुआफान... मला जमलं बघ टाकायला.”

खामपुनने खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, “बरं केलंत, दाजी. सुटली बिचारी.”

चार दिवस घर शांत राहिले, आणि ती शांतता सोसेना. पंख्याने ती येत होती ते पाप होते, पण ती येत होती. आता कोपरा म्हणजे नुसता कोपरा. मार्टेनने ओरखडे पुन्हा रंधून काढले. टेबलावर लोकांची कामे तशीच पडून राहिली. खामपुन सकाळी भात ठेवून जाई आणि दुसऱ्या दिवशी तोच भात उचलून कोंबड्यांना टाकी. ती आधी रागावली, मग विनवून झाली. मार्टेनला एवढाच आधार होता, की आपण एकटे मरू पण ती सुटली आहे.

पाचव्या दुपारी तो आपल्या चटईवर डोळे मिटून पडला होता. बाहेर ऊन रणरणत होते. झापांच्या छपरात ‘टोके’ असा आवाज काढणारा सरडा दोनदा ओरडून गप्प झाला. तेव्हा त्याच्या घामेजलेल्या मानेला गार वारा लागला.

वारा आला, गेला. पुन्हा आला, आणि या वेळी गेला नाही. त्याच्या अंगावरच थांबला.

त्याने खिडकीतून पाहिले. नारळाचे एक पान हलत नव्हते. खामपुनच्या चुलीचा धूर सरळ वर चालला होता. मग मलमाचा वास आला, आणि त्याच्यामागोमाग जळलेल्या प्लास्टिकचा. कोपऱ्यातून घरघर ऐकू येत होती, आणि त्या घरघरीखाली... श्वास. आत ओढलेला, अडकलेला.

त्याला वळून बघायचे नव्हते. तरी तो वळला.

काळा पडलेला लोखंडी दांडा तिच्या जागेवर उभा होता. पात्यांच्या जागी काही नव्हते. वायर जळून वीतभर थोटूक उरले होते आणि ते हवेत लोंबत होते. जळकी जाळी मात्र त्याच्या चटईकडे तोंड करून उभी होती, आणि वारा तिच्यातून येत होता. फळीवर नवे ओरखडे होते. ते आता कोपऱ्यात थांबत नव्हते. जमीन खरवडत खरवडत सरळ, पंखा जोडताना त्याने टेबलावरून वर आणून ठेवलेल्या तारेच्या गुंडाळीपर्यंत गेले होते आणि तिथून दांड्यापर्यंत परत आले होते.

“बुआफान, नको...” तो कुजबुजला. “अगं, मी मोडलाय तो... तू सुटली होतीस ना...”

खर्रर्र... झाले, आणि थांबले. कुणीतरी दम खाऊन पुन्हा कामाला लागावे तसे पुन्हा सुरू झाले.

खालून खामपुनची हाक आली. “दाजी! जेवलात का आज तरी?”

तिला वर बोलवावे, बत्ता आणायला सांगावे, असे त्याच्या मनात आले. मग त्याला समजले, की बत्त्याचा उपयोग नाही. तो जितक्यांदा मोडेल तितक्यांदा ती, पोटातली आग घेऊन, फळी खरवडत तिथवर जाईल आणि याला उकडू नये म्हणून पंखा जोडेल. मोडलेली वस्तू टाकायची नसते, हे त्यानेच तिला शिकवले होते.

“जेवलो,” तो म्हणाला. त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नसेल.

तो गुडघ्यांवर सरकत दांड्यापाशी गेला. निखळलेली मान दांड्याला तांब्याच्या नव्या तारेने बांधलेली होती. दोन वेढे, मग घट्ट पीळ, आणि पीळ उलटा होता. त्याने तो सोडवायला बोट लावले. शेवटच्या वेढ्यात नखाचा एक तुकडा अडकलेला होता, आणि तो अजून ओला होता.