जो कोण आसशीत तो

अबू धाबीच्या वाळवंटात, लिवाच्या दक्षिणेला वाळूची एक मोठी टेकडी आहे. १९९६ साली तिच्या पायथ्याशी रस्त्याचं काम सुरू झालं, तेव्हा आत्मारामतात्याने रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. कुडाळकडची सहा माणसं, मल्याळ्याच्या दुकानातला नारळ. गावी जागेच्या राखणदाराचं नाव घेतात. इथे नाव कुणाला ठाऊक? तात्या म्हणाला, "बा म्हाराजा, जो कोण आसशीत तो, ह्या पोरांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोरं म्हणाली.

जरा उशिराने टेकडीही तसंच काहीतरी घुमली. पोरं हसली.

पाण्याचा टँकर घेऊन आलेला बदरुद्दीन हसला नाही. जवळच्या बद्दू अरबांच्या वस्तीत तो बारा वर्षं पाणी पोचवत होता. तिथल्या एकाही घराचं दार टेकडीकडे उघडत नाही. "चाचा, इधर आवाज नहीं देते," तो म्हणाला. "कोई सुन लेता है."

आठवड्याने त्या सहांतला सोमनाथ, सर्दीने आवाज बसलेला, मोजणीच्या खुंट्या आणायला टेकडीवर चढला, तो परतलाच नाही. पावलं माथ्यापर्यंत उमटली होती. पुढे वाळू कोरी.

फोरमन म्हणाला, "भाग गया होगा. खलास. कल कॅम्प उठेगा."

पळाला म्हणे! पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, पाण्याची बाटली तंबूत, आणि माणूस पळाला. कागदावर पळपुटा लिहिलं की शोधायची कटकट मिटते. मेलेल्याचं निदान प्रेत तरी घरी पाठवावं लागतं.

सोमनाथचा थोरला भाऊ दौलत नारळ घेऊन तात्यासमोर उभा राहिला.

"तात्यानु, गाऱ्हाणा तुमी घातलात. आता तुमीच मागून घेवा."

दोघा भावांना गावातून तात्यानेच आणलं होतं. नाही कसं म्हणणार? दुपारचं ऊन डोक्यावर होतं. वारा पडला होता.

"बा म्हाराजा, जो कोण आसशीत तो, आमच्या सोमनाथाक परत दी रे म्हाराजा."

पोरांनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा."

आवाज वाळूच्या आतून आला. सर्दीने बसलेला, सोमनाथचाच.

दौलत धावत सुटला.

"दौलत, फिर मागे!" तात्या ओरडला.

दौलत अर्ध्या चढावर थबकला. वळला. नारळ छातीशी, ओठ गच्च मिटलेले.

"व्हय म्हाराजा," माथ्यापलीकडून उत्तर आलं.

या खेपेला आवाज दौलतचा होता.