वजन काढण्याचे कारण

स्टीलचा डबा उघडून अभिनवने आत वाकून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "करपलीय."

उल्काला राग यायला हवा होता. आलाही… पण त्याच्या आधी हसू आलं. कापसावर ठेवलेली ती बोटभर काळी पट्टी म्हणजे तिची दीड वर्षाची मेहनत होती.

"पोळी नाहीये ती. सिरॅमिक आहे, आत धागे विणलेत."

"अहो, मग डब्यात कशाला आणलीत? इथे एक वाजला की कुणीही कुणाचाही डबा उघडतं."

ही गोष्ट नव्याण्णव सालची. वारज्याच्या अलीकडे, आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा एक बैठी संशोधन संस्था होती आणि दारात गुलमोहर होता. पुण्यात ज्याला त्याला कम्प्युटरचं वेड लागलेलं. उल्का मात्र वर्ध्याहून येऊन कोथरूडला कॉट बेसिसवर राहत होती आणि एका भलत्याच भिंतीच्या मागे लागली होती. सूर्यातली आग माणसाने पृथ्वीवर पेटवलीच, तर तिच्याभोवती भिंत कशाची बांधायची? साधं सिरॅमिक उष्णता सोसतं, पण एका तड्यात कपबशीसारखं फुटतं. आत धागे असले की तडा धाग्याशी येऊन अडतो.

अभिनव चाचणी विभागात होता. पट्टी तापलेल्या भट्टीत ताणून धरायची, तरफेला वजनं टांगायची आणि ती तुटेपर्यंत वाट पाहायची. पट्टी किती ताणली गेली, त्याची रेघ आलेखाचं पेन कागदावर ओढत राहायचं. शिवाय दिवसभर दर दोन तासांनी एकाने भट्टीच्या तापमानाचा आकडा वाचायचा आणि दुसऱ्याने लिहायचा, हा विभागप्रमुख विजयमालाबाईंचा दंडक. त्या दंडकाने सहा महिन्यांत 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग अभिनवला बंगलोरच्या सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. बाई म्हणाल्या, "हातातली चाचणी संपली की तू मोकळा."

सोमवारी पट्टी टांगली. बुधवारी तुटेल असा अंदाज होता. गुरुवार उजाडला, ती टिकून होती. शुक्रवारीही टिकली.

"तुझी पट्टी मला सोडायला तयार नाही," अभिनव म्हणाला.

"पट्टीचं काही सांगू नकोस. तुला जायचंय की नाही?"

"आकडा वाच," तो म्हणाला आणि वहीत डोकं घातलं.

त्या दुपारी उल्काने आलेखाचा कागद उलगडला. बुधवारी एक वाजून वीस मिनिटांनी रेघ एकदम खाली उतरली होती. पट्टी आपोआप आखडत नाही, भार कमी झाला तरच आखडते. तिने वजनं मोजली. पाच किलोचं एक नव्हतं.

"काहून काढलं?" रागावली की तिच्या तोंडून वर्धा बोलायचं.

अभिनवने नाकारलं नाही. "तू जेवायला गेली होतीस. पट्टी चटचटायला लागली… तुटली असती तर मी मोकळा झालो असतो. मला मोकळं व्हायचं नव्हतं, उल्का."

जे ऐकायला ती सहा महिने झुरत होती, ते आलं. आणि आलं ते खोट्या आकड्यावर बसून. तिला रडूच आलं. "मी आईला फोन करून सांगितलं रे, माझी पट्टी टिकली म्हणून."

तिने वही पुढे सरकवली. त्याने लिहिलं, 'पाच किलो वजन काढले. कारण वैयक्तिक.' मग 'वैयक्तिक' खोडलं आणि लिहिलं, 'उल्कापासून दूर जावे लागू नये.'

विजयमालाबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि खाली शेरा मारला: 'कारण समजले. चाचणी रद्द.'

"थांब म्हणशील?" गुलमोहराखाली त्याने विचारलं.

"नाही. आत्ता थांबलास तर मला आयुष्यभर वाटेल, मी फसवणुकीला हो म्हटलं."

रविवारी तो गेला. तिने नवी पट्टी केली, त्यात डिसेंबर उजाडला. या वेळी पूर्ण भार टांगला. तिसऱ्या दिवशी चटचट सुरू झाली आणि तरीही पट्टी आणखी तीन दिवस टिकली. तुटली त्या संध्याकाळी उल्का बाईंकडे गेलीच नाही. ती आधी कर्वे रस्त्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली.

"तुटली," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी, पूर्ण भारावर. चटचटली म्हणजे तुटते असं नाही."

"म्हणजे मी तेव्हा उगाच घाबरलो."

"उगाच." तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मी ठरवलं होतं, ही तुटली की तुला फोन करायचा. सहा दिवस मशीनसमोर बसले होते, अभिनव. वजनाला हात लावला नाही. पण रोज वाटायचं… थोडं वाढवावं."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"शनिवारी पुण्यात येतो," तो म्हणाला. "रविवारी वर्ध्याला जाऊ. तुझ्या आईशी मीच बोलतो."