त्याची चार आवर्तनं

कोलकात्यात एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीतल्या दंतवैद्याने यामिनी गद्रेचा वरचा पुढचा दात चिमटीत धरून हलवून पाहिला आणि विचारलं, तुम्ही नेमकं करता तरी काय? ट्रम्पेट वाजवते, असं तिने सांगितल्यावर त्याने हातमोजे काढले, एक्स-रे उजेडासमोर धरला आणि फार तर चार-सहा महिने, असं म्हणाला. चाळीस वर्षं ट्रम्पेटच्या तोंडाची पितळी वाटी ओठांवर दाबून धरायची, तर मागच्या हाडाने तरी किती सोसावं! दात गेला की खोटा बसवता येतो, पण त्यावर पहिल्यासारखा सूर बसत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. बावन्नाव्या वर्षी एवढं तर तिला कळत होतंच.

जिना उतरून खाली येताच तिने स्टुडिओवाल्या सुश्रुत आपट्याला फोन लावला. रेकॉर्डिंग पुढच्याच आठवड्यात उरकू, पुढे ढकलायचं नाही.

या घाईला कारण होतं. कोलकात्याने यामिनीला पंचवीस-तीस वर्षं डोक्यावर घेतलं होतं, पण तिची एकही रेकॉर्ड धड नव्हती. दोन निघाल्या आणि दोन्ही पडल्या. ‘यामिनी रेकॉर्डमध्ये सापडत नाही, ती समोर बसूनच ऐकावी,’ असं रसिक मान डोलावत म्हणायचे. तोंडावर हे कौतुकच होतं. पण समोर बसणारे आणि वाजवणारी सगळेच एक दिवस उठून गेले की मागे काय राहणार, हा विचार तिला रात्रंदिवस कुरतडत असे. निदान एक रेकॉर्ड तरी अशी व्हावी, की जी ऐकून पुढचा माणूस म्हणेल, ही यामिनी गद्रे. एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आता चार-सहा महिने उरले होते.

तिचे वडील श्यामसुंदर गद्रे पुण्याहून बदलून फोर्ट विल्यममधल्या लष्करी हिशेबखात्यात आले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ओळखीच्या मराठी घरांतल्या मुली पेटी शिकत होत्या, कथक शिकत होत्या. हिने संध्याकाळी किल्ल्यातून येणारा बिगूल ऐकला आणि मला ते हवं म्हणून हट्ट धरला. तिच्या आईने, वृंदाबाईंनी, कपाळाला हात लावला. वडील मात्र सरळ माणूस. त्यांनी कचेरीत चौकशी केली आणि बराकपूरच्या लामासरांचा पत्ता मिळवला. लामासर मूळचे दार्जिलिंगकडचे, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. संध्याकाळी पार्क स्ट्रीटच्या एका रेस्तराँमध्ये जॅझ वाजवायचे. दर रविवारी सकाळी बापलेक सियालदा स्टेशनावरून गाडी पकडायचे. ट्रम्पेटची पेटी यामिनीच्या मांडीवर असायची आणि ती कोणाला हात लावू देत नसे.

लामासरांचा एकच नियम होता. “चार तुम्हारा, चार उसका.”

म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन, अशी चार आवर्तनं वाजवायची, आणि पुढची चार ट्रम्पेट छातीशी धरून गप्प उभं राहायचं. यात काही गूढ नव्हतं. ओठ म्हणजे मांसच. जितकं वाजवलं तितकं थांबलं नाही तर ते फाटतात. शिवाय जॅझमध्ये दोन वादक आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखे चार-चार आवर्तनं वाटून घेतात, त्याचीही सवय व्हायला हवी. फक्त लामासरांच्या शिकवणीच्या खोलीत दुसरा वादक नव्हता.

“सर, उसका मतलब किसका?” तिने एकदा विचारलं होतं.

लामासर रुमालाने ट्रम्पेटची वाटी पुसत होते. “जो जवाब देता है, उसका. तुम उसको भरना मत. सिर्फ गिनो.”

ती मोजत राहिली. चपलेत अंगठा हलवत, डोळे मिटून. दोन वर्षांत ते हाडीमाशी भिनलं. घरी रियाज करतानाही ती चार वाजवायची आणि चार सोडायची. वृंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “पहिलं तुझं फार कर्कश असतं बाई. चांगलं असेल, मला कळत नाही. पण मग हळूच वाजवतेस ना, ते ऐकत राहावंसं वाटतं.” यामिनी हळू वाजवतच नसे. पण क्वार्टरच्या भिंती उंच होत्या, आवाज घुमत असेल, असं तिला वाटलं. आईने कौतुक केलं म्हणून कोण उलटतपासणी घेतं?

एकोणिसाव्या वर्षी लामासरांनी रेस्तराँमधली आपली जागा तिला देऊन टाकली. पहिल्याच आठवड्यात लोकांनी काटे-चमचे खाली ठेवले. पुढे मुंबई झाली, दिल्ली झाली, परदेशवाऱ्याही झाल्या. ती आपली चार वाजवायची आणि डोळे मिटून चार मोजायची. मागे ड्रम आणि बास चालू असायचे. डोळे उघडावेत तर पहिल्या रांगेतली दांडगट माणसंही रुमाल शोधत असायची. सुरुवातीला लोक तिच्या वाजवण्यावर टाळ्या द्यायचे, आणि नंतरच्या मोकळ्या चार आवर्तनांवरही. मग हळूहळू तिच्या चार आवर्तनांनंतरच्या टाळ्या बंद पडल्या. लोक श्वास रोखून बसत असतील, असं तिने मनाशी म्हटलं. वर्तमानपत्रवाले लिहायचे की बाई दर वर्षी कमी कमी वाजवतात आणि जे वाजवतात त्याला तोड नाही. ती तर वर्षागणिक जास्तच वाजवत होती! पण समीक्षकांना असलं काहीतरी लिहावंच लागतं.

सुश्रुतचा स्टुडिओ म्हणजे टॉलीगंजमधली एक खोली. त्याचं घराणं तीन पिढ्या कोलकात्यात, त्यामुळे मराठी बोलताना बंगालीकडे कलायचा. रेकॉर्डिंगचं यंत्र तिच्यापासून आठ हातांवर होतं. साथीला कोणी नव्हतं; सकाळी अकराला दोघांनीच सुरुवात केली. दात ठणकत होता, पण ओठ बरे चालले. शेवटचा सूर संपल्यावर सुश्रुत यंत्र थांबवून तिच्याकडे वळला. त्याने कानांवरचे हेडफोन केव्हाच काढून ठेवले होते आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

“ताई, हा फायनल. याच्यापुढे काही नको.”

तिचा जीव भांड्यात पडला. त्याने ते लावलं.

तिची चार आवर्तनं खोलीभर वाजली. स्वच्छ, दमदार. सुश्रुतच्या कपाळाला आठी पडली.

“हा तू कधी वाजवला?”

“कधी म्हणजे? आत्ता.”

त्याने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची हिरवी रेघ सपाट झाली, मोकळी चार आवर्तनं आली. तो पुढे झुकला. आवाज वाढवला, आणखी वाढवला. पंख्याची घरघर ऐकू आली.

“आणि ते कुठे गेला?” त्याचा आवाज चिरकला. “ताई, ते. जे तू मग वाजवला.”

“मी थांबले होते, सुश्रुत. काय ऐकलंस तू?”

त्याने गुणगुणून दाखवलं. आवाज त्याचा बेताचाच होता, तरी यामिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिचा सवाल जिथे संपला होता, तिथूनच ते उचललेलं होतं. तिला जे म्हणायचं होतं आणि आयुष्यभर म्हणता आलं नव्हतं, ते कोणीतरी सहज, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं, म्हणून टाकलं होतं.  इतकं सुंदर काही तिने ऐकलं नव्हतं, आणि ते तिच्याच नावावर होतं.

तिने तिथूनच घरी फोन लावला. “आई, माझं काहीतरी गुणगुणून दाखव गं. तुला आवडतं ते.”

“आत्ता? कुकर लावलाय मी,” असं म्हणत वृंदाबाईंनी गुणगुणलं. तेही यामिनीने कधी वाजवलेलं नव्हतं. तेही तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बराकपूरला गेली. लामासर शहाऐंशी वर्षांचे झाले होते, पण कान शाबूत होते. नदीकडच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून ते कठड्यावर मुरमुरे पसरत होते आणि पाच-सहा साळुंक्या हातभर अंतरावर टिपत होत्या. तिने सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“अपना वाला मैंने भी कभी नहीं सुना,” ते म्हणाले.

“कौन है वो, सर?”

“पता नहीं, बेटी. मेरे उस्ताद को भी पता नहीं था.” त्यांनी तळहात झटकले. “बजाओ.”

तिने ट्रम्पेट काढलं. दाताचा विचार केला नाही. चार आवर्तनं वाजवली, आणि आज ती खरोखर छान वाजवली, हे तिचं तिला कळलं. लामासर गुडघ्यावर हात ठेवून वाट पाहत बसले होते.

मग ती थांबली. जन्मात पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून मोजू लागली.

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. सुरकुत्या सैलावल्या, मान खाली गेली. हाताची बोटं हवेत काहीतरी अलगद धरून होती. देवळात उभं राहावं तशी यामिनी उभी राहिली. कानात फक्त नदीवरच्या लाँचची धडधड होती.

चार संपली. लामासरांनी डोळे पुसले.

तिने ट्रम्पेट खाली केलं. एवढं एक विचारायलाच ती आली होती.

“सर, और मेरा? मेरा कैसा था?”

“तुम्हारा?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अतोनात माया होती. “पहले सुनाई देता था, बेटी. जब तुम छोटी थी. बहुत अच्छा था.”



तिने ट्रम्पेट उचललं आणि कठड्याकडे वळली. नळीचं तोंड साळुंक्यांपासून वीतभर अंतरावर आलं. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून तिने फुंकलं. दातातून कळ गेली, जिभेवर रक्ताची चव आली. तिच्या कानात दडे बसले. चारही आवर्तनं ती तशीच फुंकत राहिली.

साळुंक्या मुरमुरे टिपत होत्या.

तिने ट्रम्पेट छातीशी घेतलं आणि मोजायला लागली. एक.

सगळ्या साळुंक्यांनी टिपणं थांबवलं आणि माना वर केल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. तिच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे बघत होत्या.